वजनाच्या ऑपरेशनबद्दल फिरणारा मजकूर आणि माझी अकरा वर्षं

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. ‘वजन कमी करण्याचं ऑपरेशन करताय? आधी हे वाचा.’ खाली पाच मुद्दे. दोन वर्षांत सगळं वजन परत येतं. जन्मभर सूप आणि पावडरवर जगावं लागतं, गोड खाल्लं तर जीवावर बेततं. शरीर आतून पोखरतं, केस जातात, हाडं ठिसूळ होतात. हा आळशी माणसांचा सोपा मार्ग आहे. आणि आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली असताना पोट कापून घेणं हा वेडेपणा आहे.

पाठवणाऱ्या मावशींचा हेतू वाईट नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्या मावसभावाचं वजन १३० किलोच्या वर आहे, गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात नाही, आणि डॉक्टरांनी त्याला या ऑपरेशनचा विचार करायला सांगितलंय. मजकूर वाचून त्याने ठरलेली भेट रद्द केली. म्हणून हे लिहायला बसले.

माझं ऑपरेशन २०१४ साली पुण्यात झालं, बायपास. बायपास म्हटलं की लोक छातीकडे बघतात, पण ही पोटाची. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. दुसरा प्रकार स्लीव्ह. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ऑपरेशनच्या दिवशी माझं वजन १२१ किलो होतं. दोन वर्षांनी ७४ झालं. आज ८३ आहे.

म्हणजे ९ किलो परत आले. मजकूर लिहिणारा म्हणेल, बघा! पण मी १२१ वर परत गेलेले नाही, आणि मी काही अपवाद नाही. अमेरिकेत युटा राज्यात बायपास झालेल्या लोकांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो उतरले होते, सहा वर्षांनी ते ३६ च्या आसपास आले आणि बाराव्या वर्षी ३५ होते. घसरण आहे, पण ती सुरुवातीच्या वर्षांत होते आणि मग बरीचशी थांबते. बाराव्या वर्षी मोजलेल्या ३८७ जणांपैकी उतरलेलं सगळं वजन परत आलं होतं फक्त चौघांचं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही बायपासवाल्यांचं वजन दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमीच होतं, आणि ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले.

या पहिल्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्याचा फटका मी खाल्ला आहे. चौथ्या वर्षी काटा ७४ वरून ७९ वर गेला आणि मला वाटलं, संपलं, आपण नापास. लाजेने तपासणीला जाणं बंद केलं. दीड वर्ष गेले नाही. जिना चढताना दम लागायला लागला, तळपायांना मुंग्या यायच्या, वर्गात उभं राहून शिकवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या खाली आणि बी-१२ तळाला. पाच किलोंनी माझं काही बिघडवलं नव्हतं, दीड वर्षाच्या लाजेने बिघडवलं. वजन थोडं परत येणं हा या प्रवासातला ठरलेला टप्पा आहे, हे मला कोणी आधी नीट सांगितलं असतं तर मी तोंड लपवलं नसतं.

आता सूप आणि पावडर. पहिले काही आठवडे हे खरं आहे. आधी पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. पण अकरा वर्षांनी? काल दुपारी मी मटकीची उसळ, दोडक्याची भाजी, अर्धी ज्वारीची भाकरी आणि वर दोन घास ताकभात खाल्ला. बदललाय तो क्रम आणि वेग. आधी उसळ किंवा अंडं किंवा पनीर, मग भाजी, शेवटी भाकरी. भात पहिल्यांदा घेतला की पिशवी त्यानेच भरते आणि प्रथिनं ताटात राहतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे ती भरणं हे खरं काम आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. ‘वाटीभर वरण घेतलंय की’ म्हणून भागत नाही, आपलं पातळ वरण बरंचसं पाणीच असतं. मी घट्ट डाळ करते, धिरड्याच्या पिठात मूग जास्त घालते. शाकाहारी माणसाला अवघड जातं, पण अशक्य नाही.

जेवताना पाणी पीत नाही. आधी आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवते. ज्याच्या आईने जन्मभर भरलेलं तांब्याभांडं ताटाशेजारी ठेवलं त्याला ही सवय मोडायला वेळ लागतो, मला वर्ष लागलं. घास नीट चावला नाही तर तो छातीच्या मधोमध अडकतो आणि मग लाळ सुटते, उठून जावं लागतं. पहिल्या वर्षी पोळीने मला खूप छळलं, भाकरीने कधी नाही. हे माझ्यापुरतं, प्रत्येकाचं निराळं असतं.

गोडाचं सांगते. तिसऱ्या वर्षी एका लग्नात आग्रहाला बळी पडून दोन जिलब्या खाल्ल्या. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात पिळवटलं. वधूपक्षाच्या खोलीत सतरंजीवर आडवी पडले होते. याला डंपिंग म्हणतात. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते आणि आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं. काहींची एक ते तीन तासांनी उलट रक्तातली साखर खाली जाते, हातपाय थरथरतात. बायपासनंतर हे जास्त होतं, स्लीव्हनंतर कमी. मजकुरात ‘गोड खाल्लं की जीव जातो’ असं सुचवलंय, ते खोटं आहे. पाव पुरणपोळी मी दर होळीला खाते, जेवणाच्या शेवटी आणि तुपासोबत. पंगतीत ‘एवढंच? आवडलं नाही का?’ हे ऐकायची तयारी मात्र ठेवावी लागते. आता मी सरळ सांगते, ‘काकू, पोटाचं ऑपरेशन झालंय.’ बहुतेक जणी लगेच ऐकतात.

आणि खरा धोका जिलबीत नाहीच. जिलबी शिक्षा तरी करते. चिवडा करत नाही. शेव, फरसाण, चकली, चहात बुडवलेलं बिस्किट हे सगळं तोंडात विरतं, पिशवीत थांबत नाही, पोट भरल्याची जाणीव होत नाही. काही काळाने भूक थोडी परत येते, तेव्हा माणूस ताटावर कमीच खातो आणि डब्यातून दिवसभर चघळतो. माझे ९ किलो दिवाळीच्या डब्यांतून आणि साखरेच्या पाच कप चहातून आलेत. आता चहा दोन कप, तोही लोहाच्या गोळीपासून लांब, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. केस गळतात, साधारण तिसऱ्या महिन्यापासून. माझी वेणी बोटाएवढी झाली होती. वर्षभरात बहुतेकांचे परत येतात, माझेही आले. हाडांचा धोका खरा आहे, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. लोह, बी-१२ हेही जन्मभर. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास ठेवायचे. वर्षातून एकदा रक्ततपासणी. थायरॉइडची गोळी जन्मभर घेणाऱ्या किती बायका आपल्या घरात आहेत, त्यांना कोणी ‘आतून पोखरलेल्या’ म्हणत नाही.

उलट मजकुरात ज्या गोष्टी हव्या होत्या त्या नाहीतच. बायपासनंतर अंगदुखीच्या ब्रुफेनसारख्या गोळ्या टाळायच्या असतात, जोडाच्या जागी आतून जखम (अल्सर) होऊ शकते. दारू लवकर आणि जास्त चढते, आणि काही वर्षांनी व्यसन जडण्याचा धोका वाढतो. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ सुरू होते. साधारण दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं. सतत उलट्या होत असतील तर घरी बसायचं नाही, बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. लोकांना सावध करायचंच होतं तर हे लिहायचं होतं.

‘आळशी माणसांचा सोपा मार्ग’. मी वीस वर्षं उपाशी राहिले, मावशी. एकादश्या, चतुर्थ्या, काकडीचे आठवडे, पहाटेचं चालणं. दर वेळी बारा किलो उतरले आणि पंधरा चढले. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी जाळतं, त्याला ते दुष्काळ वाटतं. ऑपरेशनने जठराची पिशवी लहान होतेच, पण भुकेचे आणि तृप्तीचे संदेशही बदलतात. आयुष्यात पहिल्यांदा मला अर्ध्या ताटावर ‘पुरे’ वाटलं. ‘तोंडावर ताबा’ म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात ते त्यांना फुकट मिळालेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडले होते.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. ती चांगली आहेत, अनेकांना तीच योग्य ठरतील. पण बंद केली की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो हे दिसून आलंय, आणि दरमहाचा खर्च वर्षानुवर्षं चालतो. मधुमेहाचंही बघावं. युटाच्या त्याच अभ्यासात ऑपरेशनआधी मधुमेह असलेल्यांपैकी ५१ टक्के बाराव्या वर्षीही त्यातून बाहेर होते. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. एकामुळे दुसरं वेडेपणा ठरत नाही.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, पहिल्या वर्षी पोळी अडकायची तेव्हा तू काय करायचीस?’ मी सांगितलं, उभी राहायचे, घरात हळू फेऱ्या मारायचे, पाणी अजिबात प्यायचे नाही, आणि पुढचा घास बोटाच्या पेरापेक्षा लहान घ्यायचे. त्याने भेट पुन्हा घेतली आहे, येत्या गुरुवारी. माझे अकरा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन मी सोबत जाणार आहे, मधल्या दीड वर्षाची रिकामी जागा आहे तशी ठेवून.