पट्टा क्लॅम्पविषयीच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार. सागवानी पट्ट्यांची १२ बाय १८ इंचांची फोटो फ्रेम जोडण्यासाठी आपण आमच्याकडून चार प्लास्टिकच्या कोपऱ्यांचा पट्टा क्लॅम्प (फ्रेमभोवती गुंडाळून आवळायचा पट्टा) नेला. तो हात दुखेपर्यंत आवळूनही दोन कोपऱ्यांत आतल्या अंगाने फट राहिली, फ्रेम टेबलावर ठेवली की एक कोपरा वर उचललेला राहतो आणि म्हणून क्लॅम्प अगदीच कुचकामी आहे, असे आपण लिहिले आहे. मेहनतीने केलेली फ्रेम अशी बिघडल्यावर राग येणे स्वाभाविकच आहे. मात्र आपण दिलेल्या फोटोवरून दोष क्लॅम्पचा असावा असे आम्हाला वाटत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

फोटोत बाहेरची टोके घट्ट भिडलेली आहेत आणि फट फक्त आत आहे. लाकडी पट्टीचे टोक ४५ अंशांपेक्षा किंचित निमुळते कापले गेले की असेच होते. फ्रेमला असे आठ काप असतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी सगळी मिळून चार अंशांची होते आणि ती कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात फट होऊन दिसतेच. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी तंतोतंत सारखी नसली, तरीही सांधे नीट मिटत नाहीत. क्लॅम्पचे काम गोंद वाळेपर्यंत सांधा जागेवर धरून ठेवण्याचे आहे. चुकलेला काप तो सुधारू शकत नाही, आणि जास्त आवळल्याने तर गोंद सांध्यातून बाहेर पिळला जाऊन जोड कच्चा राहतो. कडेला गोंदाचे बारीक मणी दिसू लागले की थांबावे.

म्हणून गोंद लावण्यापूर्वी एकदा सर्व पट्ट्या कोरड्याच क्लॅम्पमध्ये बसवून पाहाव्यात, कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांची मापे जुळली नाहीत, तर फ्रेम काटकोनात नाही हे तेव्हाच कळते. कोपरा उचलला जाण्याचे कारण बहुधा वेगळे आहे: पट्टा एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली बसला, किंवा खालचा पृष्ठभाग सपाट नसला, की फ्रेमला पीळ पडतो आणि गोंद वाळल्यावर तो तसाच राहतो.

सागाबाबत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. हे लाकूड तेलकट असल्याने जोडायची तोंडे आधी थिनरने पुसून, ती सुकताच गोंद लावावा. शिवाय तिरक्या कापाचे तोंड गोंद शोषून घेते, त्यामुळे एक पातळ हात देऊन, थोडे थांबून मग दुसरा द्यावा. सांधा २४ तास तरी ताणू नये. पावसाळ्यात याहून अधिक वेळ द्यावा.

आपण क्लॅम्प आणि फ्रेम दोन्ही घेऊन दुकानात यावे, ही विनंती. क्लॅम्प आपल्यासमोर ताणून पाहू. पट्टा सरकत असेल किंवा खटका धरत नसेल, तर लगेच नवा देऊ. सांधे उकलून पट्ट्या पुन्हा कापून देण्याचीही आमची तयारी आहे. काच आणि चित्र आधीच मापाने कापले असल्यास तेही सोबत आणावे, कारण पुन्हा कापल्यावर फ्रेमचे आतले माप थोडे कमी होईल.