सरदारांना बिचारं करू नका

यावल-रावेरकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नेहरू आणि पटेल म्हणे जन्माचे वैरी. १९४६ मध्ये पटेल पंतप्रधानपदाची निवडणूक जिंकले होते, ती नेहरूंनी हिसकावली. आणि सरदार गेले तेव्हा नेहरू अंत्ययात्रेलाही फिरकले नाहीत.

शेवटचं आधी घेतो. सरदार १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत गेले. नेहरू मुंबईला आले, अंत्यसंस्काराला हजर होते. राजेंद्रप्रसादही होते. एवढं तरी मेसेज पुढे पाठवण्याआधी बघायला हवं होतं.

आता १९४६. पंतप्रधानपदाची निवडणूक झालीच नव्हती. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी प्रांतिक समित्यांनी नावं सुचवली होती. १५ पैकी १२ समित्यांनी पटेलांचं नाव दिलं आणि नेहरूंचं एकीनेही दिलं नाही, हे खरं. अध्यक्षालाच सरकार बनवायला बोलावणं येणार, हेही सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे गांधीजींनी नेहरूंच्या बाजूने कौल दिला याचा कुणाला राग आला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. समित्यांचं मत डावललं गेलं, असं मलाही वाटतं. पण नाव मागे घेतलं ते खुद्द पटेलांनी. बार्डोलीचा लढा लढवणारा माणूस कुणी हिसकावलं म्हणून गप्प बसला असता का?

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ते आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरसाठी घडलं होतं! डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरी त्यासाठी राबले, नंदलाल बोस यांनी बांबूचं नगर सजवलं. आपल्याकडे अजून अभिमानाने सांगतात ते सगळं. त्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी पटेलांचंही नाव होतं. त्यांनी नेहरूंसाठी ते मागे घेतलं आणि निवेदन काढून बजावलं, की माघार घेतली म्हणजे जवाहरलालची सगळी मतं मला मान्य आहेत असं समजू नका. मतभेद चारचौघांत सांगायचा आणि तरी सोबत राहायचं, अशी त्यांची रीत. मेसेजवाल्यांना यातलं वैर तेवढं दिसतं, सोबत दिसत नाही.

वैर असतं तर १९५० मध्ये फुटलं असतं. काँग्रेस अध्यक्षपदासाठी नेहरूंना पुरुषोत्तमदास टंडन नको होते, पटेल टंडनांच्या बाजूने होते, आणि टंडन जिंकले. पटेलांचं पारडं जड झालेलं. त्यानंतर महिनाभराने, २ ऑक्टोबरला, सातपुड्यापलीकडे इंदूरला सरदार भाषणात म्हणाले, की आपले नेते जवाहरलालच. बापूंनी त्यांना वारस नेमलं आहे. ७ नोव्हेंबरला त्याच नेत्याला त्यांनी तिबेट आणि चीनबद्दल खरमरीत इशारा देणारं लांबलचक पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी ते गेले. शेवटच्या दिवसापर्यंत ते नेहरूंच्याच मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते.