खुलासा: उपग्रह पृथ्वीचा प्रत्येक कोपरा चोवीस तास थेट पाहत नाहीत

‘उपग्रहांतून पृथ्वीवरचे कोणतेही ठिकाण कोणत्याही क्षणी थेट आणि स्पष्ट दिसते, त्यामुळे नव्या निरीक्षण-तंत्रज्ञानावरचा खर्च वायफळ आहे,’ असा एक संदेश सध्या फिरत आहे. त्यातला पहिला भागच चुकीचा असल्याने दुसराही टिकत नाही.

साधारण 700 किलोमीटर उंचीवरचा लँडसॅटसारखा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने पुढे सरकतो आणि त्याच जागेवर पुन्हा 16 दिवसांनी येतो. त्या दिवशी ढग असले तर ती फेरी फुकट गेली. त्याच्या बहुतेक छायाचित्रांत एका बिंदूत 30 मीटर लांबीरुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे मोटारगाडी दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

सतत नजर ठेवायची तर 35,786 किलोमीटरवरची भूस्थिर कक्षा हवी; तिथे उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून एकाच जागेच्या वर स्थिर राहतो. हवामान उपग्रह तिथेच असतात, पण त्यांना अर्धा-एक किलोमीटरहून बारीक तपशील सहसा दिसत नाही. तिथून एक मीटरचा तपशील टिपायला सुमारे 20 मीटर व्यासाचा आरसा लागेल; अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा 6.5 मीटरचा, आणि तोही घडी घालूनच न्यावा लागला. त्यामुळे अवकाशात उलगडणारे किंवा तिथेच जोडता येणारे आरसे ही हौस नव्हे, गरज आहे.

ढगांवर उपाय रडारचा; त्याच्या रेडिओलहरी ढगांतून आरपार जातात. जुलै 2025 मध्ये प्रक्षेपित झालेला भारत-अमेरिकेचा निसार हा रडार उपग्रह 12 मीटर व्यासाची जाळीदार अँटेना उघडून रात्रीही, ढगांआडूनही जमिनीची हालचाल मोजण्यासाठीच बनवला आहे. त्याच जागेवर पुन्हा यायला मात्र त्यालाही 12 दिवस लागतात.