‘10 गुंठ्यांत 5 लाखांचे मासे’: मराठवाड्याच्या पाण्यावर तपासलेला एक दावा

मराठवाड्यातल्या शेतकरी गटांमध्ये एक संदेश सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘कापूस-सोयाबीन सोडा, शेततळ्यात मासे सोडा. 10 गुंठ्यांत वर्षाला 5 लाख. मासे काही पाणी पीत नाहीत. पाणी कमी असेल तर बायोफ्लॉक करा. माल जागेवरून उचलला जातो, 60 टक्के पैसे सरकार देतं आणि पर्यावरणाला काडीचा धक्का नाही.’

मत्स्यशेती आपल्याकडं वाढावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा संदेश मला घातक वाटतो. त्यावर विसंबून कर्ज काढणारा माणूस मे महिन्यात प्लास्टिक अंथरलेल्या कोरड्या तळ्याच्या काठावर उभा राहतो आणि मग त्या गावात वर्षानुवर्षं कुणी माशांचं नाव काढत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘10 गुंठ्यांत 5 लाख’

30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं धरू. जागा साधारण 9 गुंठे. काठाला उतार दिला की पाणी बसतं सुमारे 22 लाख लिटर. रोहू, कटला, मृगळ मिळून चौरस मीटरला एक या हिशेबानं 900 बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचं माशांचं बीज सोडलं. शंभरातली सत्तर जगली आणि वर्षभरात प्रत्येक मासा 800-900 ग्रॅमचा झाला, तर साडेपाचशे किलोच्या आसपास माल निघतो. तळ्यावर किलोला 120 रुपये भाव धरला तर 66 हजार. किलोभर माशामागं दीड किलोहून जास्त खाद्य लागतं. ते 40 रुपये किलोनं विकत घेतलं तर 35 हजार तिथंच गेले. बीज, चुना, जाळं ओढणाऱ्यांची मजुरी वजा करा. हातात 20-25 हजार उरतात.

नुसती विक्रीच 5 लाखांची व्हायची तर त्याच तळ्यातून 4 टनांहून जास्त मासळी निघायला हवी. म्हणजे हेक्टरी 45 टन. आंध्रातल्या मुरलेल्या, कार्पच्या (रोहू-कटला जातीच्या माशांच्या) तळ्यांतही हेक्टरी 8-10 टन हे चांगलं उत्पन्न समजतात, आणि त्यांच्याकडं कृष्णा-गोदावरीचे कालवे आहेत.

20-25 हजारांना मी कमी लेखत नाही. शेततळं आधीच खोदलेलं असेल आणि त्यात पाणी असेल, तर ती चांगली जोडकमाई आहे. त्यासाठी कापूस सोडायला सांगणं मात्र चुकीचं आहे.

‘मासे काही पाणी पीत नाहीत’

सगळा प्रश्न इथं आहे. पाणी मासा पीत नाही, ऊन पितं. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर उतरते. 900 चौरस मीटरच्या भरल्या तळ्यातून रोजचे 9 हजार लिटर वर जातात. फेब्रुवारी ते मे धरले तर जवळपास मीटरभर पाणी कुणीही न वापरता संपतं. उरलेल्या पाण्यावर मोसंबी किंवा डाळिंबाची बाग जगवायची असते. मुळात शेततळं खोदलं ते बागेसाठीच. एप्रिलमध्ये बाग आणि मासे यांतलं एकच वाचणार असेल तर शेतकरी बाग वाचवणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

पाणी आटतं तसं दुसरं संकट येतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागं 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. रात्रभर शेवाळही तोच प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. उथळ, हिरव्यागार पाण्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले की हातात फार वेळ नसतो. त्या घडीला ताजं पाणी सोडायचं असतं आणि विहिरीनं तर तळ गाठलेला असतो.

म्हणून मराठवाड्यात मत्स्यशेतीचा हिशेब गुंठ्यांवर मांडूच नये. माझ्या तळ्यात पुरुषभर पाणी किती महिने राहतं, हा पहिला प्रश्न. आपली बहुतेक तळी परतीच्या पावसावर, सप्टेंबरात भरतात. तेव्हा बोटभर बीज सोडलं तर डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी पारा 10 अंशांखाली जातो, मासा खाणं कमी करतो आणि वाढ रेंगाळते. पंगस हा मासा तर या थंडीत आजारीच पडतो. मार्चमध्ये मासा पावकिलोचा आणि पाणी कमरेएवढं, अशी गत होते.

यावर उपाय आहे. आदल्या वर्षी दाट संख्येत ठेवून, मुद्दाम वाढ रोखलेलं शंभर ग्रॅमच्या आसपासचं बीज सोडायचं. मोकळं पाणी आणि खाद्य मिळालं की ते झपाट्यानं वाढतं आणि सात-आठ महिन्यांत विक्रीला येतं. असं बीज तालुक्यात तयार व्हायला हवं. ज्या एका गावात बारमाही पाणी आहे, तिथल्या दोन-तीन तळ्यांनी फक्त बीज वाढवलं तर आसपासच्या आठमाही तळ्यांचा प्रश्न सुटतो. अनुदान खर्चायचं तर आधी इथं खर्चावं.

प्लास्टिकच्या तळ्याबद्दल आणखी एक. अस्तरामुळं पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, त्यामुळं माशांचं नैसर्गिक खाद्य त्यात आपोआप तयार होत नाही. शेणखताची मात्रा थोडी-थोडी, पाण्याचा रंग पाहत द्यावी लागते. नाहीतर सगळा भार विकतच्या खाद्यावर पडतो.

‘पाणी कमी असेल तर बायोफ्लॉक करा’

बायोफ्लॉक म्हणजे तळ्याऐवजी टाकीत दाटीनं मासे वाढवायची पद्धत. तिला पाणी कमी लागतं, हे खरं. टाकीतली घाण जीवाणू पचवतात, त्यासाठी गूळ किंवा काकवी घालतात, आणि त्या जीवाणूंचे पुंजके मासेही खातात. पण टाकीत मासे इतके दाट असतात की हवा चोवीस तास सोडावी लागते. शेतीच्या फीडरवर आपल्याला वीज मिळते आठ तास, तीही कधी रात्री. हवा तासभर बंद पडली तरी पूर्ण भरलेली टाकी मरू शकते. म्हणजे वेगळी जोडणी, इन्व्हर्टर, जनरेटर आणि रात्री जागणारा माणूस. पाण्याची बचत विजेच्या बिलात आणि जागरणात भरून द्यावी लागते. टाक्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा खर्च मला कधी दिसला नाही.

‘माल जागेवरून उचलला जातो’

उचलला जातो, पण कोणत्या भावानं? आपल्या बाजारांत बर्फातला आंध्राचा मासा येतो आणि घाऊक भाव तोच ठरवतो. त्याच्याशी किमतीत लढता येत नाही. ताज्या, तडफडत्या माशाला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, तेवढीच आपली जमेची बाजू. ती टिकवायची तर आठवडी बाजार बघून थोडा-थोडा माल काढावा लागतो. श्रावणात मागणी झोपते, मिरगाला उसळते. पण तळी आटतात मेमध्ये, सगळ्यांची एकदमच, आणि भाव पडतो. ज्याच्या तळ्यात मिरगापर्यंत, म्हणजे 7-8 जूनपर्यंत पाणी टिकलं, तो कमावतो. भावाचा प्रश्नही शेवटी पाण्यापाशीच येतो.

‘60 टक्के सरकार देतं’

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली. त्यात 60 टक्के अनुदान अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी आहे, इतरांना 40 टक्के. टक्केवारी मंजूर प्रकल्प-खर्चावर असते, तुमच्या प्रत्यक्ष बिलावर नाही. आधी स्वतःचे किंवा बँकेचे पैसे घालावे लागतात. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला, हे चांगलंच झालं. तळ्यात पाणी मात्र त्यानं येत नाही.

‘पर्यावरणाला काडीचा धक्का नाही’

अनेक शेततळी पावसानं भरतच नाहीत, ती विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. जमिनीखाली सगळ्या शिवाराचं असलेलं पाणी वर काढून, एकाच्या तळ्यात उन्हाला वाळत घालायचं, आणि फेब्रुवारीत शेजारच्या कोरडवाहूवाल्याची विहीर आटायची. माशांसाठी पातळी टिकवायला हा उपसा आणखी वाढवला तर त्याला शाश्वत म्हणता येणार नाही. बंदी असलेला थाई मांगूर हा मांसाहारी मासा चोरून पाळणारेही आहेत. तळं फुटून तो ओढ्यात गेला की स्थानिक मासे खातो, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या भोई कुटुंबांचं जाळं रिकामं येतं.

या संदेशात ज्यांचा उल्लेखही नाही, ते हेच लोक. 1972 च्या दुष्काळातल्या कामांवर बांधलेले पाझर तलाव गावोगावी आहेत. तिथं विकतचं खाद्य लागत नाही, वीज लागत नाही. वेळेवर बीज सोडलं आणि मच्छीमार संस्थेकडं मासेमारीचा ठेका टिकला, तर भूमिहीनांनाही त्यातून उत्पन्न मिळतं. अडचण गाळाची आहे. तलाव उथळ झाले, पाणी पसरतं आणि लवकर वाळतं. गाळ काढण्याची सरकारी योजना 2017 मध्ये आली. काढलेला गाळ शेतात जातो, चांगलं आहे. पण काढताना भिंतीपासून अंतर राखून सगळ्यांत खोल भागात एक मोठा डोह मुद्दाम राखला, तर तलावाचं पाणी आणखी महिना-दीड महिना टिकू शकतं. ग्रामसभेत गाळाचा ठराव येतो, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांबरोबर मच्छीमार संस्थेच्या माणसालाही बोलवा आणि डोह कुठं ठेवायचा ते त्याला विचारा.