बॅस्टिलआधीची खतावणी

'लाडकी बहीण'चे दीड हजार आणि कर्जमाफी यांवरून महाराष्ट्रात वाद पेटला की फ्रेंच राज्यक्रांती हमखास साक्षीला उभी राहते. एक बाजू म्हणते, लोकांना उपाशी ठेवाल तर पॅरिस होईल. दुसरी म्हणते, तिजोरी अशी लुटवाल तर पॅरिस होईल. मग राणी येते, तिचा केक येतो. पॅरिसमध्ये बसून हे वाद वाचताना दोन्ही साक्षी कच्च्या वाटतात. केक तर आधी बाजूलाच ठेवा. 'पाव नसेल तर गोड पाव खा' हा किस्सा ती राणी, मारी आंत्वानेत, १७७० मध्ये फ्रान्सला येण्यापूर्वीच कुण्या राजकन्येच्या नावावर लिहिला गेला होता.

खरी साक्ष आहे ती १७८८ च्या जमाखर्चात. खर्च ६२.९ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), जमा ५०.३ कोटी. खर्चातले ३१.८ कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त, नुसते कर्जावर जात होते. राजा, राणी, दरबार, घोडे, दागिने सगळं धरून साडेतीन कोटींच्या आसपास, शंभरातले सहा. व्हर्सायच्या राजवाड्याला कुलूप लावलं असतं तरी नऊ कोटींची तूट उरलीच असती.

या कर्जात मोठा वाटा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. अर्थमंत्री नेकेरने नवे कर न लावता युद्ध लढवून दाखवलं आणि त्याची वाहवा झाली. त्याची युक्ती होती आजीव वर्षासनाची: आज मुद्दल द्या, हयातभर दरसाल साधारण दहा टक्के घ्या. साठीच्या माणसाला हा दर ठीक होता, पण तो वय न बघता लावलेला होता, आणि वर्षासन दुसऱ्याच्या हयातीवरही घेता येत असे. जिनिव्हाच्या सावकारांनी हिशेब केला. देवी येऊन गेलेल्या, धडधाकट, खात्यापित्या घरच्या लहान मुली त्यांनी निवडल्या आणि त्यांच्या नावांवर लाखो लिव्र लावले. म्हणजे फ्रान्सचा राजा पन्नास-साठ वर्षं दहा टक्के मोजायला बांधला गेला.

१७८१ मध्ये नेकेरने राज्याचा ताळेबंद छापून विकायला काढला. फ्रान्समध्ये हे प्रथमच घडत होतं. त्यात एक कोटीची शिल्लक दिसत होती, कारण युद्धाचा खर्च 'असाधारण' म्हणून बाहेर ठेवलेला. पुरवणी मागण्या आणि महामंडळांच्या कर्जांवरच्या सरकारी हम्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. ब्रिटनच्या डोक्यावरही तेव्हा कर्जाचा डोंगर होता, पण तिथे पार्लमेंट उघडपणे कर मंजूर करी आणि सावकाराला परतफेडीचा भरवसा वाटे. फ्रान्सला साधारण दुप्पट दराने पैसा मिळायचा.

पुढचं भराभर घडलं. ऑगस्ट १७८६ मध्ये तेव्हाचा अर्थमंत्री कालोनने सोळाव्या लुईला खरा आकडा सांगितला आणि सगळ्या जमिनींवर सारखा कर सुचवला. फेब्रुवारी १७८७ मध्ये १४४ मान्यवरांची सभा भरली. सरदार, बिशप, न्यायाधीश अशी ही मंडळी. सवलत जाणार म्हणून ती अडली हे खरंच, पण 'आधी वही दाखवा' ही त्यांची मागणी रास्तच होती. ज्यांनी फर्मान नोंदवल्याशिवाय ते अमलात येत नसे, त्या उच्च न्यायालयांनी हेका धरला की नवा कर १६१४ नंतर न भरलेली तीन वर्गांची महासभाच मंजूर करू शकते. १६ ऑगस्ट १७८८ ला तिजोरीने देण्यांचा काही भाग रोखीऐवजी कागदात द्यायला सुरुवात केली. माझ्या मते राजेशाही त्या दिवशी संपली.

भूक यानंतर आली. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने पिकं झोपवली, हिवाळा कडाक्याचा गेला. चार पौंडांचा पाव पॅरिसमध्ये आठ-नऊ सूवरून (सू म्हणजे लिव्रचा विसावा भाग) फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला. मजुराची रोजी वीस ते तीस सू, आणि चौघांच्या कुटुंबाला असे दोन पाव रोज लागत. सगळी मिळकत पावात गेली की कापड कोण घेणार? मग माग बंद, विणकर बेकार. एप्रिल १७८९ च्या अखेरीस मजुरी कमी होणार या नुसत्या अफवेवर रेवेयाँच्या भिंतीच्या कागदाच्या कारखान्याची नासधूस झाली. रिकामी तिजोरी आणि रिकामं पोट एकाच हंगामात गाठ पडली. त्यातलं एकच असतं तर प्रकरण निभावलं असतं.

आपल्या चर्चांत कधीच न येणारी गोष्ट १७ जूनची आहे. अखेर भरलेल्या महासभेत तिसऱ्या, म्हणजे सामान्यांच्या, वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं आणि लगेच ठराव केला: सध्याचे सगळे कर बेकायदा, तरी ही सभा चालू आहे तोवर ते भरावेत, आणि राज्याच्या सावकारांना राष्ट्राची हमी. राजाने सभा मोडली की कर थांबणार, हा त्यातला पेच. शिवाय सावकार आपोआप सभेच्या बाजूला. इतका धूर्त ठराव मी दुसरा वाचलेला नाही. ११ जुलैला, मधल्या काळात पुन्हा मंत्री झालेल्या नेकेरला काढलं, आणि पुढच्या दोन दिवसांत पॅरिसकरांनी चाळीसेक जकात नाके जाळले. हे नाके करवसुलीचा मक्ता घेतलेल्या इजारदारांच्या कंपनीने बांधलेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा मामलतींचा इजारा आठवावा. १४ तारखेला बॅस्टिलवर गर्दी गेली ती बंदुकीच्या दारूसाठी. आत कैदी सातच होते.

त्यातला एक नाका स्टालिनग्राद मेट्रो स्टेशनजवळ अजून उभा आहे. तिजोरीचा प्रश्नही उभाच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ४४ अब्ज युरोंच्या बचतीचा आग्रह धरणारं फ्रान्सचे पंतप्रधान बायरू यांचं सरकार ३६४ विरुद्ध १९४ मतांनी पडलं. दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करायची कल्पनाही त्याच्यासोबत गेली. ना राजवाडा पेटला, ना देणी थांबली. कारण आकडे सगळ्यांपुढे होते आणि पाडायला सरकार होतं.

म्हणून दीड हजार द्यावेत की नाही, यावर मुंबईत पॅरिसची भीती घालू नये. निवडणूक असलेल्या राज्यात तो राजकीय निवडीचा प्रश्न आहे. भीती घालायचीच तर महामंडळांच्या नावावर काढलेल्या कर्जांची घालावी आणि कंत्राटदारांच्या थकलेल्या बिलांची घालावी. 'कॅग'चा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, चर्चेला वेळ उरत नाही. तो पहिल्या आठवड्यात मांडावा, एवढी एक मागणी दोन्ही बाजूंना मिळून करता येईल.