"पाच दिवस नुसते झोपलात?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मालदीवच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. आधी वाटलं खाली दोन ओळी टाकून विषय संपवावा, पण तुम्ही तळमळीने लिहिलंय हे कळतं म्हणून सावकाश उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पाच दिवस आम्ही एका बेटावर लोळलो, हनिफारू बे ही खाडी एवढी जवळ असून तिथले मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे) बघितले नाहीत, तिथली माणसं भेटली नाहीत, खर्चाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, आणि "झोपायचंच होतं तर घरी एसी लावून झोपायचं, याला प्रवास म्हणत नाहीत."

आधी झोपेचंच सांगते. माझ्या सासूबाई पक्षाघाताने सव्वादोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणून आम्ही रात्र वाटून घेतली होती, दोनपर्यंत मी आणि दोननंतर नवरा. म्हणजे सव्वादोन वर्षं आम्ही दोघं एका वेळी झोपलोच नाही. ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतरही रात्री दोनला दोघांनाही जाग यायची, उठून बसायचो, समोर ती खोली. एसी होता, गादी होती, चार महिने आम्ही घरीच झोपायचा प्रयत्न केला दादा. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, पण निळ्या पाण्याच्या फोटोंखाली ते लिहवेना.

फेब्रुवारीत गेलो. पहिल्या रात्री दोनला जाग आली तेव्हा पाण्यावर बांधलेल्या आमच्या व्हिलाच्या फळ्यांखालून पाण्याचा आवाज येत होता, नवरा शेजारी गाढ झोपला होता, आणि त्याला असं झोपलेलं मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. तिसऱ्या रात्री मात्र दोघांपैकी कुणालाच जाग आली नाही. सकाळी उठलो तर ऊन पार पलंगापर्यंत आलेलं, आणि नवरा म्हणाला, "दोन वाजलेच नाहीत काय गं?" माझ्यासाठी ट्रिप तिथेच वसूल झाली.

तिथल्या घड्याळाची पण एक गंमत आहे. बरीच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात, आमचं पण तसंच होतं. त्यामुळे सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो, मावळतो सातनंतर, म्हणजे सकाळी उशिरा उठलं तरी कोवळं ऊन मिळतं आणि संध्याकाळ लांबते.

आता "लोळलात, काही बघितलं नाही" याबद्दल. इथे मात्र मला तुमचं पटत नाही. एकाच जागी पाच दिवस बसलं की त्या जागेचं रोजचं रुटीन दिसायला लागतं. व्हिलाच्या पायऱ्यांपाशी गुडघाभर पाण्यात सकाळी छोटे शार्क यायचे, पंखांची टोकं काळी, हातभर लांबीचे, रोज त्याच बाजूने. पहिल्या दिवशी मी किंचाळले, चौथ्या दिवशी एक आला नाही तर चुकल्यासारखं वाटलं. (मालदीवमध्ये 2010 साली शार्क पकडायला बंदी आली.) एक राखी बगळा होता, तिथे त्याला माकाना म्हणतात, तो ओहोटीला लाकडी पुलाखाली येऊन अर्धा अर्धा तास पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि मग एकदम चोच मारायचा. आणि स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघताना, कान पाण्यात गेले की कुरुमकुरुम आवाज यायचा, तो पोपटमासा प्रवाळ खरवडतोय त्याचा. खरवडलेलं प्रवाळ त्याच्या पोटात दळलं जातं आणि बारीक रेती होऊन विष्ठेतून बाहेर पडतं, ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर आपण फोटो काढतो त्यातली बरीचशी अशीच तयार होते. हे कळल्यावर मी ती वाळू मुठीत घेऊन किती वेळ बघत बसले होते! एका दिवसात तीन बेटं करणाऱ्या बोटीत बसून हे सगळं बघायला मिळालं असतं का, मला शंका आहे.

हनिफारूचं म्हणाल तर तिथे मांटा मुख्यतः जूनपासून नोव्हेंबरपर्यंत येतात. नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत प्रवाहांबरोबर प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) त्या छोट्या खाडीत येऊन साठतं आणि ते खायला मांटा गोळा होतात. आम्ही गेलो तो कोरडा सीझन, पाणी काचेसारखं पण मांटांचं जेवण नाही, मग तिथे जाऊन काय करणार? आणि तुम्ही लिहिलंय "डाइव्ह तरी मारायचा", तर हनिफारूच्या आत स्कूबाला (सिलिंडर लावून डाइव्ह करायला) परवानगीच नाही, फक्त स्नॉर्कलिंग, तेही ठरलेल्या वेळात. हनिफारू ज्यात येतं ते बा अटोल (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) 2011 पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे जपलेलं निसर्गक्षेत्र आहे, त्यामुळे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत.

माणसं भेटली नाहीत, हा तुमचा मुद्दा मात्र मला लागला, कारण तो बराचसा खरा आहे. एक बेट एक रिसॉर्ट ही तिथली पद्धत, ज्या बेटावर वस्ती नाही तेच रिसॉर्टला द्यायचं. 1972 साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून अनेक वर्षं पर्यटक एकीकडे आणि गावं दुसरीकडे असंच चाललं. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस निघायला लागली ती 2009 नंतर. आम्हाला भेटलेली तिथली माणसं म्हणजे रिसॉर्टमध्ये काम करणारी, आणि त्यातलेही कितीतरी बांगलादेशचे, श्रीलंकेचे. खोली आवरायला येणारा मुलगा मात्र मालदीवचाच, पार दक्षिणेच्या अड्डूचा. अटोल हा शब्द मूळ त्यांच्या धिवेही भाषेतला, हे त्यानेच सांगितलं. रोज संध्याकाळी पुलाच्या टोकाला उभा राहून मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचा, तिला त्याने चार महिने बघितलं नव्हतं. आमच्या विश्रांतीसाठी हा माणूस घरापासून लांब राहतोय हे मनात आलं आणि ते गेलं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी निदान दोन रात्री वस्तीच्या बेटावर राहायचं आम्ही ठरवलंय, याबाबतीत तुम्ही बरोबर आहात.

खर्चाबद्दल लिहिलं नाही ही पण माझी चूक. वेबसाइटवर खोलीचं जे भाडं दिसतं त्यावर 10% सर्व्हिस चार्ज आणि 17% जीएसटी लागतो (2025 च्या जुलैपासून 17 झाला, आधी 16 होता), आणि ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरण कर वेगळा, रिसॉर्टमध्ये माणशी एका रात्रीचे 12 डॉलर. सीप्लेनचं (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं) भाडं पण बऱ्याचदा त्यात नसतं, ते माणशी जाऊन-येऊन साधारण 400 ते 600 डॉलर. मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं (++) असतील तर सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी दोन्ही वरून लागणार असं समजायचं. महाग आहेच, पण वीज जनरेटरवर, पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून, भाजीपासून टॉवेलपर्यंत सगळं बोटीने येतं. आम्ही सासूबाईंच्या आजारपणात कुठेच गेलो नव्हतो, ते साठलेले पैसे एकदाच वापरले. कर्ज काढून कुणी जावं असं मी अजिबात म्हणणार नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं जाणार आहात. मग धरवंधूला राहा, वस्तीचं बेट आहे, मालेहून विमान जातं आणि हनिफारू बोटीने अगदी जवळ. तिथे दारू मिळणार नाही, आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवर. शुक्रवारी सरकारी बोटींच्या फेऱ्या बहुतेक बंद असतात तेव्हा प्रवास त्या दिवशी ठेवू नका. एखाद्या रिसॉर्टलाही जाणार असाल तर सीप्लेन फक्त दिवसा उडतं, दुपारी उशिरा मालेला पोचलात तर ती रात्र मालेजवळच काढावी लागेल, आणि सामान माणशी 20 किलोच्या आत ठेवा. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो, वहिनींना बोट लागत असेल तर गोळ्या आठवणीने घ्या. मांटा दिसल्या की इथेच कमेंटमध्ये सांगा, मी वाट बघतेय.