एकेक मेल पुसत बसू नका, पाठवणाऱ्याला धरा

जुलैचा दुसरा आठवडा. ऑफिसात आयकर रिटर्नची गर्दी, बाहेर रिपरिप, आत कूलर लावला तर चिपचिप आणि बंद केला तर घाम. अशात कामठीच्या एका रिटायर्ड मास्तरांचा फोन. "ताई, फॉर्म सोळा दोनदा पाठवला, मेल वापस येऊन राहिला न! पत्ता बदलला का तुम्ही?"

पत्ता तोच होता. माझे फुकटातले 15 जीबी भरले होते. जागा संपली की जीमेल नवीन मेल घेत नाही, पाठवणाऱ्याकडे परत लावतो. स्क्रीनवर वर तशी सूचनेची पट्टी येत होती म्हणे. मी रोज ती बघत होते आणि वाचत नव्हते.

नागपुरात धरमपेठेत एका टॅक्स सल्लागारांकडे मी 22 वर्षं काम करते. लोकांच्या फायली वर्षावार लावून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल किती? 23,416. हसा.

पहिल्या दोन संध्याकाळी मी तेच केलं जे सगळे करतात. सगळ्यात वरून सुरुवात. हा उघड, बघ, पुस. मग पुढचा. साडी सेल, विमा, "प्रिय ग्राहक", कुठल्याशा वेबिनारचं निमंत्रण. मध्येच जुन्या सहलीचे फोटो सापडले, त्यात अर्धा तास गेला. दोन दिवसांत हजारभर गेले असतील, आणि तेवढ्यात शंभरेक नवीन येऊन बसले.

शनिवारी भाचा जेवायला आला. मागे उभा राहून थोडा वेळ बघत होता. "मावशी, एकेक काहून पुसून राहिली? पाठवणारा धर ना."

मंडळी, 23 हजार मेल म्हणजे 23 हजार माणसं नव्हेत. माझ्याकडे जेमतेम साठ-सत्तर जण होते, आणि त्यातल्या दहा-बारांनी निम्मं घर व्यापलं होतं. इनबॉक्स साफ करायचा तर तारखा विसरा आणि नावं बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा (मोबाईलवर हे जमत नाही, उगाच डोळे फोडू नका), नकोशा मेलवर माऊसचं उजवं बटण दाबा, त्याच पाठवणाऱ्याचे मेल शोधायचा पर्याय येतो. सगळे एका यादीत. आता वरच्या चौकोनात टिक केली की फक्त त्या पानावरचे, साधारण 50, निवडले जातात. बहुतेक लोक इथेच फसतात, मीही फसले होते. टिक केल्यावर यादीच्या डोक्यावर एक बारीक ओळ उगवते: या शोधात सापडलेले सगळेच निवडायचे का? त्या ओळीवर क्लिक करायचं. मग डिलीट. एका कपड्याच्या दुकानाचे 2,900 मेल एका क्लिकमध्ये गेले. इतकी वर्षं ती ओळ तिथेच होती!

पण माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण याच जोशात लोक हात पोळून घेतात. आयकर खात्याची 143(1) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून खातं काय म्हणतं ते, मेलवरच येते. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत व्हेरिफाय करायचं असतं, त्याचीही आठवण मेलवर. खात्याचे, बँकेच्या स्टेटमेंटचे, विम्याचे पत्ते आधी शोधा आणि त्यांना फिल्टर लावा: स्पॅममध्ये टाकू नको, लेबल लाव. दहा मिनिटांचं काम आहे. ते झाल्यावर मगच झाडू हातात घ्या.

अनसबस्क्राइबबद्दल दोन मतं ऐकते. माझं असं: ओळखीच्या दुकानाचा, कंपनीचा मेल असेल तर खुशाल करा. रोज 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने 2024 पासून एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं सक्तीचं केलंय, म्हणून बऱ्याच मेलमध्ये ते बटण पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच दिसतं. पण लॉटरी लागली, पार्सल अडकलं अशा अनोळखी मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावू नका. तिथे क्लिक करणं म्हणजे घरात माणूस आहे हे ओरडून सांगणं. त्यांना सरळ स्पॅम.

आणि ते लेबलांचं वेड. आमच्या सरांनी 34 लेबलं केलीत, मिसळणाच्या डब्यासारखी. तरी परवा एक चलान शोधायला सर्चच वापरला. सर, ही पोस्ट वाचत असाल तर सॉरी.

एवढं करूनही जागा फारशी सुटली नव्हती. मेल संख्येने खूप असतात, वजनाने हलके. सर्चच्या चौकोनात उजव्या टोकाला एक चिन्ह आहे, तिथे साइज 10 एमबीच्या वर असं टाकून शोधलं, तर घराचा नकाशा मी स्वतःच स्वतःला पाच वेळा पाठवलेला निघाला. वर हे 15 जीबी एकट्या मेलचे नाहीतच. त्यातच ड्राइव्ह, त्यातच फोटो (जून 2021 पासूनचे सगळेच मोजले जातात), आणि अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सअॅप बॅकअपसुद्धा. माझा बॅकअपच चार जीबींचा होता. सकाळी सकाळी येणारी गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं, दुसरं काय!

शेवटी बिन, म्हणजे जीमेलची कचरापेटी. डिलीट केलेलं तिथे 30 दिवस पडून राहतं आणि तोवर जागा अडवतं, म्हणून ती हाताने रिकामी करावी लागते. ते बटण दाबताना तोंडून आपसूक निघालं, "घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवून इडापिडा घालवतात, त्यातली ही आरोळी. पोळ्याला अवकाश होता, पण जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

रविवारी सकाळी पोहे खाऊन बसले होते, दीडला उठले. 15 वरून 6 जीबी. मेल उरले चारशेच्या आसपास, आणि मला ते शून्यावर आणायचे नाहीत. मास्तरांचा फॉर्म सोळा त्याच दुपारी आला.

आता यांचा इनबॉक्स. 41 हजार. "असू दे, लागतं कधी" म्हणतात आणि लॅपटॉप मिटून घेतात.